घराखालचा मातीचा नळ आणि शौचाची हद्द

शौचकूप, मोरी आणि न्हाणीघर यांचे पाणी बाहेर नेणारा नळ जमिनीखाली असतो, आणि घराच्या शुद्धतेचा विचार करताना तो सहसा मोजलाच जात नाही. उंबरठा, चूल, देवघर, पाण्याची जागा यांच्या शुद्धीचे नियम धर्मशास्त्राने बारकाईने सांगितले आणि घरोघरी ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. पण मैला घराबाहेर गेला की शुद्धी पूर्ण झाली, की तो कोणालाही अपाय करणार नाही अशा अवस्थेला पोचेपर्यंत घरधन्याचे कर्तव्य चालूच राहते? जुना मातीचा नळ फुटतो, फरशी उखडावी लागते आणि नवी लाइन टाकावी लागते, तेव्हा हा प्रश्न टाळता येत नाही. उकरलेल्या जमिनीत हात कोणी घालायचा, देव हलवायचे का, पुन्हा वास्तुशांत करायची का, आड येणारे पिंपळाचे मूळ तोडायचे का, हे सारे प्रश्न त्या एकाच चरातून वर येतात.

हा नळ कुंभाराच्या साध्या मडक्यासारखा नसतो. चिकणमाती मोठ्या आचेवर भाजून वर मिठाची झिलई चढवलेला हा जाड, तपकिरी नळ बाजारात ‘चिनी मातीचा पाइप’ किंवा ‘स्टोनवेअर’ म्हणून ओळखला जातो. भट्टी लाल झालेली असताना तीत मीठ टाकले की त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावते आणि नळाच्या अंगावर काचेसारखा थर बसतो. मैल्यातली आम्ले, साबण, गरम पाणी यांचा त्या थरावर फारसा परिणाम होत नाही. भारतीय मानक ६५१ या नळांसाठीच आहे. एकेक नळ साधारण ६० सेंटिमीटर लांब, एका टोकाला रुंद तोंडाचा. दुसऱ्या नळाचे टोक त्या तोंडात बसवायचे, सिमेंटच्या रबडीत बुडवलेला काथ्या फटीत ठासायचा आणि वरून सिमेंटचा माल भरायचा, ही जुनी रीत. बारा मीटरच्या लाइनीत असे वीस नळ आणि त्यांच्यामध्ये एकोणीस सांधे येतात. मातीचा नळ स्वतः शंभर वर्षेही टिकतो. दगा देतो तो सांधा.

उदाहरणच घ्यायचे तर, धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे मुंबई–आग्रा महामार्गावरचे आणि सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव तापीच्या खोऱ्यात येते. या खोऱ्याची कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत अख्खा हात जातो. जून-जुलैच्या पावसाने त्याच भेगा मिटतात आणि माती वर उचलते. ताठ सिमेंटने जखडलेली मातीच्या नळांची लाइन ही वर्षावर्षाची उचल-खच सोसू शकत नाही. आधी एखादा सांधा केसाएवढा उघडतो, त्यातून पाणी झिरपते, भोवतालची माती तेवढ्याच जागी जास्त फुगते आणि पुढचा सांधा निखळतो. वर घरात याची खूण फार उशिरा दिसते. चेंबरमध्ये पाणी तुंबून राहते, भिंतीच्या पायथ्याला लोणा धरतो, एखाद्या कोपऱ्यातली शहाबादी फरशी खचते, उन्हाळ्यातही एकाच जागी ओल राहते. तोवर खालून किती मैला जमिनीत गेला असेल, याचा हिशेब कोणाकडे नसतो.

जुन्या ग्रामरचनेत या जमिनीचे भान पक्के होते. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गावठाण पांढरीवर वसवायचे, कारण ती माती घर धरून ठेवते. खानदेशातली धाब्याची जाड मातीची घरे या पांढरीवर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. त्या घरांत शौचकूप नव्हते, आणि मोरीचे पाणी परसातल्या केळी-अळूला जाई. वस्ती वाढली, शेते बिगरशेती होऊन त्यांचे प्लॉट पडले, तशी घरे काळीवर गेली आणि त्याच काळात शौचकूप घरात आला. मातीच्या नळांच्या दुखण्याचे निम्मे कारण या दोन स्थलांतरांत आहे. त्यातच अशा गावांत घरचा नळ बहुधा परसातल्या सेप्टिक टँकला किंवा शोषखड्ड्याला जोडलेला असतो, त्यामुळे गळतीचा परिणाम दूर कुठे न जाता त्याच आळीत राहतो.

सांध्यातून ओल सुटली की झाडाची मुळे तिकडे वळतात. पिंपळ, वड आणि उंबर ही तीन झाडे यात पुढे असतात, आणि हीच तीन झाडे तोडू नयेत असे लोकमानस सांगते. पिंपळावर मुंजा असतो ही समजूत खानदेशात अजून जिवंत आहे, आणि कुऱ्हाड घालायला गवंडीही कचरतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्याचे ‘दकार्गल’ नावाचे प्रकरण आहे. कोणत्या झाडाजवळ किती खोल पाणी लागेल, हे त्यात झाडागणिक सांगितले आहे आणि उंबराचा उल्लेख तिथे पाण्याची खूण म्हणून येतो. शौचकूपाच्या मागच्या भिंतीतून उगवलेला उंबर ही तशीच खूण आहे, फक्त पाणी वेगळे आहे. झाड तोडल्याने सांधा बुजत नाही आणि ओल कायम असेल तर दुसरे मूळ येतेच. नळात शिरलेला मुळांचा झुबका तेवढा कापून काढावा, लाइन झाडापासून शक्य तितकी लांब घ्यावी आणि सांधा असा करावा की बाहेर ओलच सुटणार नाही. मुळाला नळाकडे येण्याचे कारण उरले नाही की झाडाचा मानही राहतो आणि नळही.

धर्मशास्त्रात वस्तूंच्या शुद्धीचा स्वतंत्र विचार आहे. त्याला द्रव्यशुद्धी म्हणतात, आणि पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा सविस्तर परामर्श आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, पितळ यांची भांडी राख, आंबट द्रव्य आणि पाणी यांनी शुद्ध होतात असे सांगितले आहे. मातीचे भांडे पुन्हा भाजले की शुद्ध होते. मात्र मल, मूत्र, मद्य, रक्त यांचा संपर्क झालेले मातीचे भांडे पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही, ते टाकूनच द्यायचे. या भेदामागे निरीक्षण आहे. धातूच्या अंगाला घाण लागते, मातीच्या अंगात ती मुरते. मातीच्या कणाकणांतल्या पोकळीत जे गेले ते धुऊन परत येत नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. मिठाच्या झिलईने नेमकी हीच पोकळी बंद केली. मनूच्या नियमाने ज्या द्रव्याला मैल्याशी संबंध आल्यावर कायमचे टाकून द्यावे लागले असते, ते द्रव्य झिलईमुळे मैला वाहून नेण्याच्या कामाला योग्य ठरले.

पण द्रव्य मुळात शुद्ध किंवा अशुद्ध नसते. मातीचेच नळ एके काळी पिण्याचे पाणी आणत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी बांधली. त्या शहराच्या नहरींत डोंगरातले पाणी जमिनीखालच्या भुयारांतून आणि मातीच्या नळांतून येई. द्रव्य तेच, भाजलेली माती. एका नळातून आलेले पाणी लोक प्याले आणि दुसऱ्या नळाच्या जागेवरून माणसे चालायलाही कचरतात. हा फरक आत काय वाहते आणि ते बाहेर सांडते की नाही यावर ठरतो. एवढे मान्य केले की सोवळ्या-ओवळ्याची बरीच चर्चा वस्तूंवरून उठून कर्तव्यावर येते.

जमिनीच्या शुद्धीचे नियमही तितकेच बोलके आहेत. झाडणे, सारवणे, पाणी शिंपडणे, वरचा थर खरवडून काढणे आणि गाईंचा वास, या पाचांनी भूमी शुद्ध होते असे मनू सांगतो. याज्ञवल्क्य त्यात जाळणे आणि काळ यांची भर घालतो. खरवडून काढण्याला ‘उल्लेखन’ म्हणतात. शिंपडण्याने आणि सारवण्याने जमिनीचा पृष्ठभाग शुद्ध होतो, उल्लेखनाने दूषित मातीच हलवली जाते. मैला मुरलेली माती बाहेर काढून त्या जागी कोरा मुरूम भरणे हे या नियमाचेच रूप आहे. वास्तुविद्येत याहून खोल जाणारी एक कल्पना आहे. जागेच्या पोटात हाडे, केस, कोळसा, राख, कुजके लाकूड असे काही असेल तर त्याला ‘शल्य’ म्हणतात. बृहत्संहितेच्या वास्तुविद्येच्या प्रकरणात शल्य कुठे दडले असेल ते ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. मालकाने प्रश्न विचारताना अंगाचा जो भाग खाजवला, वास्तुपुरुषाच्या त्याच भागी शल्य समजावे, अशी ती पद्धत आहे. ती आज कोणी खरी मानणार नाही. पण तिच्यामागची धारणा पक्की आहे: घराखाली दडलेली वाईट वस्तू वरच्या पूजेने निष्प्रभ होत नाही, ती उपटून काढावी लागते. फुटलेला, मैला झिरपणारा नळ हे आजच्या घराचे शल्य आहे.

म्हणून नळ बदलण्यासाठी फरशी उखडली की वास्तू बिघडते, ही भीती शास्त्राच्या उलट आहे. एक्याऐंशी पदांच्या वास्तुमंडलात मधली नऊ पदे ब्रह्म्याची मानतात आणि घराच्या मध्यावर खणू नये असे वास्तुतज्ज्ञ सांगतात. नव्या लाइनीची आखणी करताना ही जागा टाळता आली तर बरेच, कारण घराच्या मधोमध गेलेली लाइन दुरुस्तीलाही जाचक असते. पण जुनी लाइन तिथूनच गेली असेल तर ती तिथेच फुटकी ठेवण्यात कसलेच पुण्य नाही. देवघराखालून नळ जात असेल तर देव तेवढ्या दिवसांसाठी दुसऱ्या खोलीत पाटावर ठेवतात. घरातले टाक आणि मूर्ती चल असतात, त्या हलवल्याने प्रतिष्ठा जात नाही. मंदिरातल्या अचल मूर्तीचे नियम घराला लावून काम अडवण्याचे कारण नाही.

आता पाणी. पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असे मनूच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट आहे. त्याच अध्यायात मूत्र, पाय धुतलेले पाणी आणि उष्टे हे राहत्या जागेपासून दूर टाकावे असेही आहे. या दोन्ही आज्ञा एकत्र वाचल्या तर त्यांत पुरेपूर विवेक आहे. मात्र ‘दूर’ हा शब्द पुढच्या काळात फार सोयीचा ठरला. आपल्या दारापासून दूर म्हणजे कुणाच्या तरी दारापाशी, हे विसरले गेले. जमिनीखाली तर दूर असे काही उरतच नाही. काळ्या जमिनीच्या भेगांतून आणि खालच्या बेसॉल्टच्या सांध्यांतून पाणी वाट काढते आणि आळीतली विहीर किंवा हातपंप गाठते. विषमज्वर, कावीळ, हगवण हे रोग त्या वाटेने येतात. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून साधारण १५ मीटर तरी लांब असावा, असे अभियंते सांगतात ते याचसाठी. पण फुटक्या सांध्याचा नळ वाटेतच शोषखड्ड्याचे काम करू लागतो, आणि मग ते अंतर कागदावरच राहते.

या प्रश्नाला धर्माच्या माणसाने उत्तर दिल्याचे एक मोठे उदाहरण लंडनचे आहे. १८५४ साली तिथल्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसे गेली. रोग सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरला, असे डॉक्टर जॉन स्नो यांनी मांडले. त्या वस्तीतल्या चर्चचे तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांना ते आधी पटले नाही. स्नो यांचे म्हणणे खोटे ठरवावे म्हणून ते स्वतः घरोघर फिरले. मेलेल्यांच्या आणि वाचलेल्यांच्या घरी त्यांनी एकेक करून विचारपूस केली. पंपाच्या अगदी जवळच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या आधी आजारी पडले होते आणि त्याची लंगोटी धुतलेले पाणी आईने घरच्या मैलाखड्ड्यात ओतले होते, हे त्यांनीच शोधून काढले. पुढे खणून पाहिले तेव्हा खड्ड्याच्या विटांचा बांध ढिला झालेला आढळला, आणि पंपाची विहीर तिथून एक मीटरही लांब नव्हती. त्या आईने काहीही गैर केले नव्हते. लंगोटी धुतली, घर स्वच्छ ठेवले, पाणी नेमलेल्या जागी टाकले. घरातले शौच पूर्ण होते आणि जमिनीखालचे अपुरे. व्हाइटहेड यांनी श्रद्धा सोडली नाही, पण साथ ही देवाची शिक्षा आहे असे सांगून ते थांबलेही नाहीत. ज्याला खरोखर धर्माची चाड आहे त्याने कसे वागावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

या विषयातला सर्वांत अवघड भाग मात्र हातांचा आहे. चर खणणारा, फुटका नळ उपसणारा, चेंबरमध्ये उतरणारा माणूस कोण असतो? महाराष्ट्रात शतकानुशतके हे काम जन्माने ठरवले गेले आणि ज्यांच्यावर लादले त्यांनाच अशुद्ध म्हटले गेले. धर्मशास्त्राच्या स्वतःच्या चौकटीतही ही गोष्ट बसत नाही. जननाशौच आणि सुतक ठरावीक दिवसांनी फिटते. मैल्याचा स्पर्श माती आणि पाणी यांनी जातो, आणि त्यासाठी किती वेळा माती लावावी हेसुद्धा सांगितले आहे. सगळ्या अशुद्धींना अंत आहे. फक्त जन्माची अशुद्धी कशानेही न फिटणारी ठरवली गेली, आणि तीही काम घेणाऱ्याच्या सोयीने. मनुस्मृतीच्या त्याच पाचव्या अध्यायात, शुद्ध वस्तू मोजताना, कारागिराचा हात नित्य शुद्ध असतो असे वचन आहे. विणकराचा, धोब्याचा हात कामात असताना शुद्ध मानायचा, हे त्यामुळे सर्वांना मान्य झाले. नळ बसवणारा, ढाळ जुळवणारा, सांधा भरणारा माणूस कारागीरच आहे. त्याच्या हाताला हे वचन लागू न करण्याचे कोणतेही कारण ग्रंथात सापडत नाही. कारण समाजात होते.

म्हणून शास्त्रातली सोयीची वचने वेचून प्रश्न मिटत नाही, हेही तितकेच खरे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य समाज प्याला, आणि त्यानंतर ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. माणसाच्या ओंजळीने बाटणारे पाणी ही कल्पना ज्या मनात बसते, त्या मनाला गळक्या नळाने बाटणारे पाणी दिसतच नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली. द्रव्यशुद्धीतली निरीक्षणशक्ती आणि वर्णव्यवस्थेतली क्रूरता एकाच ग्रंथात आहेत. पहिलीचा आदर करताना दुसरीकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा आंबेडकरांचा सिद्धान्त घराखालच्या नळाइतका क्वचितच दुसरीकडे नागडेपणाने दिसतो.

योगसूत्रांत शौच हा पहिला नियम आहे. व्यासभाष्यात त्याचे दोन भाग केले आहेत: माती, पाणी आणि शुद्ध आहाराने होणारे बाह्य शौच, आणि चित्तातले मळ धुणारे आंतर शौच. शौचाचे फळ म्हणून पतंजली स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी जुगुप्सा सांगतो. साधकाला आपलेच शरीर मलाचे उगमस्थान आहे हे कळते आणि देहाचा अहंकार गळतो. रूढीने ही जुगुप्सा उलट फिरवली. मल आपला, शिसारी मात्र तो उचलणाऱ्याची. शौचाच्या साधनेचा याहून मोठा पराभव नाही. नळ फुटल्यावर घरभर पसरणारा वास ज्याचा आहे त्यालाच तो परका वाटतो, आणि नाक दाबून तो दुसऱ्याला आत ढकलतो.

नरडाण्याहून रेल्वेने बेटावद ओलांडून पुढे गेले की अमळनेर येते. तिथे प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि वेदान्ताच्या अभ्यासाचे ते मोठे केंद्र झाले. वेदान्ताने या प्रश्नाला फार जुने उत्तर देऊन ठेवले आहे. काशीच्या वाटेत समोर आलेल्या चांडाळाला शंकराचार्यांनी बाजूला हो म्हटले, तेव्हा त्याने विचारले की कोणी कोणापासून दूर व्हायचे, देहाने देहापासून की चैतन्याने चैतन्यापासून. गंगेत पडलेले सूर्याचे प्रतिबिंब आणि चांडाळवस्तीतल्या पाण्यात पडलेले प्रतिबिंब यांत काय फरक आहे. ही कथा मनीषापंचकाशी जोडलेली आहे. पुढे परमार्थात सगळे एक आणि व्यवहारात भेद, अशी सोयीची भिंत उभी करून या कथेची धार बोथट केली गेली. चांडाळाचा प्रश्न व्यवहारातला होता, रस्त्यावरचा होता. त्याला परमार्थात उत्तर देऊन मोकळे होता येत नाही.

या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहिलेले साने गुरुजी १९३२ साली धुळे तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गीतेत शौच अनेकदा येते. तेराव्या अध्यायात ते ज्ञानाचे लक्षण आहे, सोळाव्यात दैवी संपत्तीचा भाग आहे, सतराव्यात शरीराचे तप आहे आणि अठराव्यात ब्राह्मणाचे स्वाभाविक कर्म आहे. शौच हे ज्याचे स्वाभाविक कर्म, त्याने मैला दिसताच सर्वांत आधी पुढे व्हायला हवे. विनोबांनी तसे केले. १९४६ नंतर ते पवनारहून रोज चालत सुरगावला जात आणि गावातला मैला साफ करत, आणि हे त्यांनी दीर्घकाळ चालवले. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. ते नाकारले गेले तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब मैल्याचे खत करणाऱ्या सोप्या संडासांच्या मागे लागले. त्यांच्या कामातला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. स्वतः झाडू धरणे हे प्रायश्चित्त झाले, पण ज्याच्या हाती तो जन्माने दिला आहे त्याच्या हातून तो सुटण्यासाठी संडास, खड्डा आणि नळ बदलावे लागतात. आंबेडकरांनी या कामाला पवित्र ठरवण्यालाच आक्षेप घेतला होता, तो याच ठिकाणी बरोबर आहे. कामाची स्तुती केल्याने त्याची सक्ती कमी होत नाही. गाडगेबाबा गावात शिरताच खराटा घेऊन रस्ते आणि गटारे झाडत, आणि मग कीर्तनात देव कुठे आहे ते विचारत. हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

कायद्याने आज हीच दिशा घेतली आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार गटार किंवा सेप्टिक टँक साफ करण्यासाठी कोणालाही संरक्षक साधनांशिवाय धोकादायक कामाला लावणे हा गुन्हा आहे, आणि ही बंदी नगरपालिकेइतकीच खासगी घरमालकाला लागू होते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असले की नाकाला वासच येईनासा होतो, त्यामुळे उतरणाऱ्याला धोका कळत नाही आणि वाचवायला गेलेला दुसराही बळी पडतो. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. नळ बदलताना टाकी आधी यंत्राच्या गाडीने उपसून घेणे, झाकण बराच वेळ उघडे ठेवणे आणि कोणालाही आत न उतरवणे, एवढे अहिंसेच्या नावाने तरी प्रत्येक घराने पाळायलाच हवे. मुंगीलाही इजा नको म्हणणाऱ्या घरात टाकीत माणूस उतरवला जातो, तेव्हा अहिंसेचा अर्थच हरवतो.

प्रत्यक्ष काम टाकीच्या बाजूने, म्हणजे खालच्या टोकाकडून सुरू करतात. जुने नळ काढले की भिजलेली काळी माती ओलीचा वास संपेपर्यंत उपसायची आणि चरात मुरूम व वाळूची गादी करायची. नवी लाइन बहुधा ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची असते. पाइप सहा मीटरचा असल्याने जिथे एकोणीस सांधे होते तिथे सरळ भागात एकच उरतो, आणि रबरी रिंग असलेला तो सांधा जमिनीबरोबर थोडा हलला तरी उघडत नाही. ढाळ चाळीसास एक, म्हणजे चाळीस फुटांना एक फूट. तो डोळ्यांनी न ठरवता पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवून ठरवतात. ढाळ कमी पडला तर मैला बसतो, फार झाला तर पाणी पुढे निघून जाते आणि मैला मागे राहतो. वळणाच्या जागी चेंबर ठेवले की पुढे कधी तुंबले तरी फरशी फोडावी लागत नाही. चर बुजवण्याआधी खालचे तोंड बंद करून लाइन पाण्याने भरतात आणि पातळी उतरते का ते पाहतात. घाईत ही चाचणी टाळली जाते, आणि पुढची सारी गळती त्या टाळलेल्या अर्ध्या तासातून सुरू होते.

चर बुजवून कोबा झाला की बरीच घरे वास्तूवर पाणी शिंपडतात, पंचगव्य वापरतात, काही उदकशांत करतात. त्यात चूक काही नाही. फक्त क्रम सांभाळायला हवा: आधी पाण्याची चाचणी, मग प्रोक्षण. पूर्ण वास्तुशांत नव्या घराची; एका लाइनीच्या दुरुस्तीसाठी ती आवश्यक नाही. त्या दिवशी घरात शिजलेल्या अन्नाचा पहिला वाटा चरात काम केलेल्यांना, घरच्यांच्याच ताटांत आणि पंक्तीत द्यावा. मजुरी ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी द्यावी. कारागिराचा हात शुद्ध असतो हे वचन मानायचे तर ते जेवणाच्या पंगतीतही मानायला हवे.

उरतात ते जुन्या नळांचे तुकडे आणि उपसलेली माती. हे नदीत किंवा नाल्यात टाकायचे नाही. पाण्यात मळ न टाकण्याचा नियम इथेही तसाच लागू आहे. वस्ती आणि विहीर यांपासून दूर, गुरे फिरकणार नाहीत अशा जागी तुकडे आणि माती पसरून त्यांवर चुना टाकतात आणि उन्हात तापू देतात. वाटा सूर्यकिरण आणि वारा यांनी शुद्ध होतात असे याज्ञवल्क्याने म्हटले आहे, आणि खानदेशचे मे महिन्याचे ऊन ते काम लवकर करते. वाळलेली माती आणि खापरे खड्ड्यात पुरून वर साधी माती ओढली की ते काम संपते.